जुन्या डिस्कमधली रुखमाबाई

दिव्यानी दुकानात आली तेव्हा नीलिमा एका बारशाचे फोटो छापत होती. दिव्यानीनं पिशवीतून आईचं, रुखमाबाईचं, आधार कार्ड काढलं आणि काउंटरवर ठेवलं.

"नीलिमाबाई, परवा मायची तेरवी हाये. हार घालाले फोटो पायजे. पण हा नको. पोलिसानं पकडून आणल्यावानी दिसते माय याच्यात."

नीलिमाला हसू आलं, ते तिनं गिळलं. "लग्नाच्या अल्बमात नाई का?"

"अल्बमात पानापानावर वामनकाका न् काकू हायेत. कन्यादान त्याइनंच केलं. माय विधवा, ते कुठी पुढं येते? पण हेमराजभाऊनं तिचा एक फोटो काढला होता. चुलीवरच्या भाताच्या गंजापाशी. मी पाह्यलं ना. कॅमेऱ्याच्या मागं तिले दाखवला बी. आधी लाजली, मंग हासली. तेवढाच द्या."

लग्न दोन हजार सोळाचं. म्हणजे जुन्या कॉम्प्युटरमधलं.

सावली गावातल्या या स्टुडिओच्या घरात नीलिमा सून म्हणून आली ती भाकरी थापायला. फोटो काढायचं काम नवऱ्याचं. कॉम्प्युटर घेतला तेव्हा हेमराज म्हणाला, "हे बसून करायचं काम हाये, तूच कर." बसून केलेलं ते काम नव्हेच, असा त्याच्या बोलण्याचा अर्थ. कुकरच्या शिट्ट्या मोजत ती अल्बम लावायला शिकली, नवरीचा चेहरा उजळायला शिकली, मेलेल्या माणसामागे निळा पडदा टाकायला शिकली. मशीन अडलं की चंद्रपूरहून माणूस यायला चार दिवस लागत, म्हणून स्क्रूही तीच उघडू लागली.

सहा वर्षांपूर्वी वीज कडाडली आणि जुनं मशीन जळालं. डिस्क मात्र वाचली असावी, असं तिला वाटत होतं. हेमराज म्हणाला, "भंगारात टाक. ज्याले अल्बम देल्ला त्याचं काम संपलं." तिनं ती ओटीत आलेल्या ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून कपाटात साड्यांखाली ठेवली होती. जोडून पाहायला सवड मिळाली नव्हती, आणि मागायला कोणी आलंही नव्हतं.

"बस थोडी," ती म्हणाली. "पाह्यतो."

तिनं मशीन बंद केलं, वायर उपसली, डब्याचं एका बाजूचं पत्र्याचं झाकण उतरवलं. आत धुळीचे पुंजके होते. ते पदरानं न पुसता रंगाच्या ब्रशनं झाडले. चालू डिस्कच्या खालची जागा मोकळी होती. जुनी डिस्क तिथं सरकवून दोन्हीकडून स्क्रू बसवले, पण पक्के आवळले नाहीत. एक चपटी वायर मदरबोर्डला, एक पॉवरची. मशीन सुरू केलं. आत घरघर झाली आणि ती लयीत आली, तशी दिव्यानी स्टुलावरून उठून जवळ आली.

"आला का?"

"डिस्क फिरून राह्यली. थांब."

यादीत मात्र एकच डिस्क दिसत होती. नीलिमानं दुसरा पडदा उघडला. तिथं जुनी डिस्क होती, पण तिला डी, ई असं ओळखीचं अक्षर नव्हतं. अक्षराशिवाय मशीन तिला घरात घेत नाही. अक्षर द्यायच्या ओळीखालीच 'फॉरमॅट' लिहिलेलं असतं. बोट एक ओळ खाली गेलं तर सगळं साफ. नीलिमानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि क्लिक केलं.

फोल्डर उघडले. गावागावांची लग्नं नावानं लागलेली. 'दिव्यानी-गोपाल' सापडलं तेव्हा दिव्यानीनं हात जोडले.

हळद, मांडव, वरात. मग जेवणाची तयारी सुरू झाली आणि फोटोंचे आकडे चारशे अठरावरून एकदम चारशे एक्कावन्नवर गेले.

दिव्यानीला तो आकडा दिसला नाही. नीलिमाला दिसला.

डिस्क भरत आली होती त्या वर्षी. दुसरी घ्यायला हेमराज तयार नव्हता. तेव्हा नीलिमानंच युक्ती काढली होती. अल्बम गेला की ज्यात नवरा-नवरी नाहीत, मानपान नाही, ते फोटो उडवायचे. त्यांना ती 'कोपरे' म्हणायची. आचारी, भांडी घासणाऱ्या, मांडवाच्या खांबामागे उभ्या बाया. वरण शिजेपर्यंत शंभर-शंभर कोपरे उडायचे. मोकळ्या झालेल्या जागेवर तिनंच पुढची लग्नं चढवली. आता तिथून काही उकरून निघणार नव्हतं. "माह्या बायकोनं एका डिस्कवर पाच वर्षं काढले," असं हेमराज चारचौघांत सांगायचा. वीस वर्षांत त्यानं केलेलं तेवढं एकच कौतुक.

चारशे त्र्याण्णवमध्ये वामनकाका पाण्याची धार सोडताना होते. त्यांच्या फेट्यामागे हिरव्या साडीचा खांदा आणि पदराचं टोक धरलेला हात.

"हेच माय," दिव्यानी म्हणाली. "हेच साडी होती. याच्या आधीचा दाखवा ना, गंजापाशीचा."

नीलिमानं स्क्रीनकडेच पाहत सांगितलं, "डिस्क जुनी हाये ना वो. मधातले फोटो खराब झाले."

दिव्यानीनंच नीलिमाच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ द्या, बाई. तुमी कायले तोंड पाडता? मशीनच ते. तुमी तं इतकं जपून ठेवलं."

शेवटी आधारवरचा चेहरा घेतला. नीलिमानं त्याला फोटोतली हिरवी साडी नेसवली, मागे निळा पडदा टाकला.

"जराशी हासती करता येते का?"

नीलिमानं ओठांची टोकं वर ओढून पाहिली. बाई हसली, पण ती दुसरीच कोणी झाली. दोघींनी एकदमच मान हलवली. ओठ परत खाली आणले.

दिव्यानी फ्रेम छातीशी धरून गेली. हेमराज आत आला, उघड्या डब्यात डोकावला.

"अरे वा, चालू झाली का? मंग आता रिकामी कर ते. सीझन तोंडावर आला. कोपरे उडवत बसू नको, सगळीच पूस. नवीन घ्याची गरजच नाई." आणि खूश होऊन पुढे म्हणाला, "तू हायेस म्हणून चालते."

नीलिमानं पुढचं फोल्डर उघडलं. एकशे बारानंतर एकशे चाळीस. त्याच्या पुढचं. दोनशे सहानंतर दोनशे एकोणसाठ. मग ती उठली, पेचकस घेतला आणि डिस्कचे सैल ठेवलेले स्क्रू एकेक करून आवळू लागली.

"ऐकून राह्यली का?" हेमराज म्हणाला.

"हाव. पण हे डिस्क पुसाची नाई," ती म्हणाली आणि शेवटचा स्क्रू हात दुखेपर्यंत आवळला.