चार दहाचा हिरवा ठिपका

मी फुकट्या आहे. हे मी म्हणत नाही, माझा ऑफिसातला जोडीदार म्हणायचा. वीस वर्षं म्हणाला, तेव्हा त्यात तथ्य असणारच. अंधेरीच्या एका कंपनीत आम्ही दोघं कॉम्प्युटर सांभाळायचो, तो पहिल्या पाळीला आणि मी दुसऱ्या. त्याला पावतीसकट विकत घेतलेली सॉफ्टवेअर आवडायची, मला फुकट मिळणारी. फुकट म्हणजे चोरीची नव्हेत हं! आमच्या मुलुंडच्या सोसायटीत अजूनही लोक कुठूनतरी क्रॅक केलेला माल पेन ड्राइव्हवर आणतात, आणि आठ दिवसांनी ‘काका, स्क्रीनवर भलतंच काहीतरी येतंय’ म्हणून दारात उभे राहतात. त्यांना मी आधी शिव्या घालतो आणि मग माझा कागद देतो.

कागद एका पानाचा आहे. झिप उघडायला सेव्हन झिप, कसलाही व्हिडिओ चालवायला व्हीएलसी, आवाज रेकॉर्ड करायला ऑडॅसिटी. हार्ड डिस्कची तब्येत सांगणारं एक, पुसलेल्या फायली परत काढणारं एक, दुसऱ्याचं मशीन आपल्या घरून चालवायचं एक, आणि दोन मशीनमधले फोल्डर कायम सारखे ठेवणारं एक. सगळी फुकट, सगळी मी स्वतः वापरून बघितलेली. खाली पेनाने लिहिलंय की पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवू नये. ते कोणी वाचत नाही.

ज्यांची मशीन मी लावून दिली, त्यांची यादी माझ्या स्क्रीनवर असते. मशीन चालू झालं की त्या ओळीपुढे हिरवा ठिपका लागतो. यादीत माणसांची नावं नाहीत, फ्लॅट नंबर आहेत, कारण भाडेकरू बदलतात, नंबर बदलत नाही. माझा एक नियम आहे. मालकाने बोलावल्याशिवाय कोणाच्या मशीनमध्ये शिरायचं नाही, कोणाची फाइल उघडायची नाही. या नियमाचा मला फार माज होता.

माझ्या जोडीदाराच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनच्या तीन आठवडे आधी त्याने मला घाटकोपरच्या घरी बोलावलं. आवाज तेव्हाच खरखरीत झाला होता.

“काय रे फुकट्या, तुझ्या कागदावर आवाज रेकॉर्ड करायचं काय आहे?”

मी लावून दिलं. वहिनी बाजारात गेल्या की तो दार लावून बोलत बसायचा. काय बोलायचा ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. शेवटी एवढंच म्हणाला, “हे हरवता कामा नये यार.” मी म्हटलं, टेन्शन घेऊ नको. त्याचा फोल्डर आणि माझ्या मशीनवरचा एक फोल्डर मी एकमेकांशी जोडून दिला. त्याच्याकडे जे येईल ते आपोआप माझ्याकडे येणार. एक मशीन मेलं तरी दुसरं आहेच. त्या टूलमध्ये एक चौकट होती, पुसलेल्या फायली काही दिवस राखून ठेवण्याची. तिच्यात मी खूण केली नाही. म्हटलं, उगाच जागा कशाला अडवायची.

ऑपरेशननंतर तो आठ महिने जगला. बोलायचं असलं की मोबाइलवर टाइप करून दाखवायचा, आणि त्यातही मला फुकट्याच म्हणायचा. मग गेला.

आमच्या धंद्यात माणूस कंपनी सोडून गेला की एक यादी असते. ओळखपत्र परत घ्या, खातं बंद करा, फोल्डर रिकामा करा. आम्ही दोघांनी मिळून अशी किती माणसं पुसली असतील याचा हिशोबच नाही. तेराव्याचं जेवून मी संध्याकाळी मुलुंडला घरी आलो, तेरा दिवसांत पहिल्यांदाच मशीन चालू केलं, आणि समोर त्याचा फोल्डर दिसला. एकतीस फायली. म्हटलं, ही त्याची खाजगी वस्तू, वहिनींकडे आहे, माझ्याकडे कशाला? इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी केलं, आता त्याच्यासाठी करावं. मी सगळ्या फायली निवडल्या आणि कायमच्या पुसल्या. डोळे भरून आले होते. आपण काहीतरी नीट पार पाडलं असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोसायटीतल्या एका बाईंचा प्रिंटर घरबसल्या सुरू करत होतो. यादीत खाली काहीतरी हललं. सोसायटीबाहेरची एकच ओळ होती, त्याच्या मशीनची. त्या ‘घाटकोपर’ ओळीपुढे हिरवा ठिपका लागला होता.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या मशीनला तो कोणाला हात लावू द्यायचा नाही, अगदी धूळ पुसायलासुद्धा नाही. वहिनींना मी कधी त्या खुर्चीत बसलेलं पाहिलं नव्हतं, आणि घरात त्यांच्याशिवाय आता कोणी नाही. घड्याळ बघितलं. चार वाजून दहा मिनिटं. पहिली पाळी संपवून तो घरी पोचायचा ती वेळ. अर्ध्या तासाने ठिपका विझला.

तिसऱ्या दिवशी तेच झालं. चौथ्या दिवशीही चार दहा. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “फोन करून विचार ना सरळ, बावळटासारखा ठिपक्याकडे काय बघत बसतोस?” तिचं बरोबर होतं, पण वहिनींना विचारायचं काय? तुमच्या घरात मशीन कोण लावतंय? आणि त्या म्हणाल्या असत्या की कोणीच नाही, तर? भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तशी माझी गत झाली होती. इतक्या वर्षांत पाळलेला नियम मी पाचव्या दिवशी मोडला. ठिपका लागला, आणि न विचारता आत शिरलो.

त्याची स्क्रीन माझ्यासमोर उघडली. मागे तोच त्याच्या गावचा, मालवणच्या किनाऱ्याचा फोटो. बाण हलत होता. फार हळू, थांबत थांबत, अंधारात भिंतीला हात लावत चालावं तसा. तो ‘आवाज’ नावाच्या फोल्डरपाशी गेला. फोल्डर उघडला. आत काहीच नव्हतं. बाण त्या पांढऱ्या रिकाम्या जागेच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

एक मिनिट गेलं, पाच गेली, दहा गेली. मी माऊसला हात लावत नव्हतो, श्वाससुद्धा जपून घेत होतो. मग फोल्डर बंद झाला आणि मशीन बंद झालं.

रिकामा का, हे मला ठिपका विझल्यावर कळलं. दोन फोल्डर सारखे ठेवायचे म्हणजे इथे आलं की तिथे येतं, आणि इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. पोराटोरांना मी हे ओरडून सांगतो! ही जोडणी म्हणजे बॅकअप नव्हे, गाढवांनो! आणि मी स्वतः मुलुंडला बसून घाटकोपरच्या घरातला त्याचा आवाज पुसला होता. इतक्या वर्षांची अक्कल चुलीत गेली होती.

आधी वहिनींना फोन केला की मशीनला आता अजिबात हात लावू नका, मी येतोय. कारण सांगायची हिंमत झाली नाही. रिक्षा केली. एलबीएस रोडवर मेट्रोचे खांब मोजत बसलो, कारण डोळे मिटले की तो बाण दिसत होता.

वहिनींनी दार उघडलं. मशीनसमोर खुर्ची तशीच ओढलेली होती. बाजूला त्याच्या अक्षरातला कागद, अगदी ऑफिसात रजेवर जाताना लिहायचा तसा. मशीन कसं लावायचं, फोल्डर कुठे, बंद कसं करायचं, आकडे घालून एकेक पायरी.

“एकतीस होत्या, भावजी,” मी तो कागद वाचतोय हे बघून वहिनी म्हणाल्या. “महिन्याच्या तारखेप्रमाणे एकेक. मी गेल्यावरच ऐक म्हणून लिहिलं होतं. मी रोज चार दहाला त्या तारखेची लावायची. कधी नुसतं ‘इलंय गो, चाय टाक’. कधी भांडायचे पण.” त्या हसल्या. “तेरा दिवस बोलले. चौदाव्या दिवशी मशीन लावलं, फोल्डर उघडला, आणि माझ्या डोळ्यांसमोर सगळ्या फायली गेल्या. कोणी हात नाही लावला. मी समजले. तेरावं झालं, आता हे सुटले. पण मला न सांगता गेले, याचं वाईट वाटलं. म्हणून रोज बसते थोडा वेळ. परत आले तर!”

मी तिथेच गप्प बसू शकलो असतो. देवाशपथ सांगतो, मनात आलं होतं. बाईने स्वतःची समजूत घातली होती. डिस्कमधून काही परत निघेल याची खात्री नव्हती. कशाला उकरायचं?

“वहिनी,” मी म्हटलं, “तो गेला नाही. मी पुसलं. माझ्या मशीनवरून. चुकून.”

त्यांनी आधी मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“म्हणजे ते मला सोडून गेले नव्हते,” त्या हळू म्हणाल्या. “तुम्ही घालवलंत.”

“हो.”

त्या उठून आत गेल्या. भांडी आपटल्याचे आवाज आले. मी कामाला लागलो, दुसरं काय करणार? माझ्या मशीनमधली डिस्क नव्या चिपची, तिच्यातून पुसलेलं परत मिळण्याची आशा नव्हती. त्याची मात्र जुनी, फिरणारी डिस्क होती. त्यावर पुसलेली फाइल लगेच मरत नाही. तिचं नाव जातं, पण जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती तिथेच पडून असते. मशीन नुसतं चालू केलं तरी काहीबाही लिहिलं जातं, आणि ते रोज चालू होत होतं. मी पेन ड्राइव्हवरूनच चालणारं फुकटचं लिनक्स लावलं, म्हणजे त्याच्या डिस्कवर एक अक्षरही नवं लिहिलं जाणार नव्हतं. मग माझ्या कागदावरचं पुसलेल्या फायली परत काढणारं टूल सुरू केलं, आणि सापडेल ते बाहेरच्या वेगळ्या डिस्कवर उतरवायला सांगितलं. तिथल्या तिथे उतरवलं तर राहिलेलंही मरतं. ही चूक लोक हमखास करतात, आणि त्या दिवशी मला आणखी एक चूक परवडणार नव्हती.

दोन तास आकडा पुढे सरकत होता. वहिनी केव्हातरी येऊन दारात उभ्या राहिल्या होत्या. शेवटी सव्वीस फायली धड निघाल्या. पाच गेल्या.

“कुठल्या पाच?”

“ते कळायचं नाही. नावं पुसली गेलीत सगळ्यांची. टूलने आपले आकडे घातलेत. कुठली कुठल्या तारखेची, ते आता ऐकूनच कळेल.”

“मग आज कुठली लावायची?”

“कुठलीही लावा, वहिनी.”

त्या खुर्चीत बसल्या. मी बाहेर जायला निघालो तर म्हणाल्या, “बसा.” त्यांनी बाण पहिल्याच फाइलवर नेला आणि दोनदा दाबलं.

आधी खरखर. मग खाकरणं. आठ महिने आणि वर इतके दिवस जो आवाज मी ऐकला नव्हता, तो त्या खोलीत आला, आणि माझ्या मानेवरचे केस उभे राहिले.

“गो, ऐक. ह्यो डबो बिघडलो तर घाबरू नको. फुकट्याक फोन कर. तेच्याकडे सगळा जपून ठेवलेला आसा.”

पुढे काही सेकंद नुसता श्वास होता, आणि फाइल संपली. मला रडू आवरेना. तोंड लपवायलाही जागा नव्हती. वहिनी माझ्याकडे बघत नव्हत्या, त्या स्क्रीनकडे बघत होत्या.

मी मशीनमधली ती जोडणी काढून टाकली. सव्वीस फायली दोन पेन ड्राइव्हवर उतरवून दोन्ही त्यांच्या हातात दिले, आणि बूट घालायला वाकलो. माझ्याकडे एक प्रत ठेवू का, हे विचारायला तोंड कुठे होतं?

वहिनींनी त्यातला एक पेन ड्राइव्ह माझ्यासमोर धरला.

“हा तुमच्याकडे ठेवा. ते बोललेत तसं.”

मी दोन्ही हातांनी घेतला.

“पण पुसायच्या आधी मला विचारा, भावजी,” त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.