भंगार घेऊन परतायची वेळ

चारकोपला माझं जुन्या व्हिडिओ गेम्सचं दुकान आहे. खेळून झालेली डिस्क आणा, दुसरी घेऊन जा, वरचा फरक भरा. वर्सोव्याला मासळी विकणाऱ्या बाईची मी मुलगी, त्यामुळे घासाघीस मला कुणी शिकवायची गरज पडली नाही. जो माल विकतो तो आधी आपण चाखायचा, हेही आईचंच. म्हणून दुकानातला प्रत्येक गेम मी स्वतः खेळते. लोकांना ते खरं वाटत नाही. "ताई, खरंच तुम्ही खेळता?" मग काय, डिस्कला उदबत्ती ओवाळते?

मध्यंतरी एक काळाकुट्ट गेम आला होता. बंद पडलेला अवाढव्य कारखाना, आत मेलेले कामगार लोखंडी सांगाड्यांत अडकून अजून चालतायत, आणि त्यांच्यात आपण एकटे. एकेकाला पाडलं की भंगार मिळतं. सुरक्षित खोलीत परतलात तर त्या भंगारातून अंगावरचं चिलखत मजबूत करता येतं. वाटेत मेलात तर सगळं तिथेच पडतं. आणि जितकं जास्त बाहेर राहाल तितकं प्रत्येक मुडद्यामागे भंगार वाढत जातं.

गिऱ्हाइकं चिडून डिस्क परत आणायची.

"नुसता अंधार यार. मला वाटलं टीव्ही गेला."

"मारामारी झकास, स्टोरी बोगस."

"लुबाडतो हा गेम, ताई! दुपारभर जमवलेलं एका फटक्यात गेलं."

मी वाद घालत नसे. डिस्क विकायला आलेला माणूस स्वतःच मालाला शिव्या घालत असेल, तर मला भाव पाडायची मेहनत पडत नाही.

फक्त एकाशी बोलले. घाटकोपरचा, चांगल्या नोकरीतला, गेम्सवर व्हिडिओ करणारा. तोही रडतच आला होता. जुनं गिऱ्हाईक, म्हणून मी त्याला समजावलं. "अरे, हा लुबाडत नाही. हा बाजार आहे. गिऱ्हाईक ताणायचं, पण तुटायच्या आत सोडायचं. माझी आई ऊन चढायला लागलं की टोपलीकडे बघायची. अजून ताणलं तर भाव येईल, नाहीतर मासळी नरम पडेल. तेवढं ज्याला कळतं तो घरी जातो. आणि अंधार घाबरवायला नाही रे. पुढचं दिसलं असतं तर सगळेच शहाणे झाले असते. दिसत नाही, म्हणून आपली हाव किती ते कळतं."

तो "वा ताई" म्हणाला आणि डिस्क न विकताच गेला.

नंतर त्याचा व्हिडिओ आला. "माझं निरीक्षण असं आहे," अशी सुरुवात. मग मासळीबाजार, टोपली, चढणारं ऊन, नरम पडणारी मासळी. ज्याला बांगडा आणि सुरमई ताटात ठेवले तरी ओळखता येणार नाहीत, तो माझ्या आईची टोपली डोक्यावर घेऊन मिरवत होता! खाली लोकांची रांग: काय विचार केलाय सर, असं कुणीच बोललं नव्हतं सर.

मी तिथेच लिहिलं, "हे मी सांगितलं. माझ्या दुकानात उभं राहून ऐकलंस. तोंडाने कबूल कर." त्याच्या चाहत्यांनी मला धुतलं. एकाने विचारलं, आजी, कंट्रोलर सरळ धरता येतो का?

थोड्या दिवसांनी मी शटर वर करते तर समोर तोच. वेळ बरोबर साधली होती. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना माहीत आहे, पहिल्या गिऱ्हाइकाला मी रिकाम्या हाताने पाठवत नाही. बोहनी म्हणजे बोहनी. आईने आयुष्यात मोडली नाही, मीही नाही. त्याने एक डिस्क उचलली, भाव सांगितला, फारच कमी. मी दात आवळून दिली.

डिस्क हातात घेऊन म्हणाला, "ती कमेंट काढ ना ताई. उगाच वाईट दिसतं."

"बोहनीला माल देतात. तोंड नाही देत."

"बरं, राहू दे." जरा घुटमळला. "तू संपवलास ना गेम? शेवटाबद्दल काय वाटतं तुला?"

तेव्हा कळलं. याला व्हिडिओचा दुसरा भाग करायचा होता आणि स्वारी गेममध्ये अजून अर्ध्या वाटेवरच्या राक्षसापाशीच अडकली होती.

"सांगते," मी म्हटलं. "भाव एकच. कॅमेरा लाव, मी बोलते. जे माझं ते माझ्या तोंडून."

तो हसला. मनापासून, प्रेमळपणे हसला, त्याचाच जास्त राग आला. "तू मस्तच बोलतेस गं. पण माझे प्रेक्षक वेगळे आहेत. तुझं बोलणं जरा… मार्केटमधलं वाटतं."

मासळीबाजार त्याच्या तोंडून चालतो. माझ्या तोंडून तो मार्केटमधला वाटतो.

मी गल्ल्यातून त्याचे पैसे काढून काउंटरवर आपटले आणि त्याच्या हातातली डिस्क ओढून घेतली.

"ताई, बोहनी आहे!" तो खरंच घाबरला.

"मोडली. चल, निघ."

दुपारपर्यंत दुकानात कुणी फिरकलं नाही. आई असती तर म्हणाली असती, लक्ष्मी परत पाठवलीस, आता बस. बसले. त्याचा दुसरा भाग अजून आलेला नाही. शेवटाबद्दल मला काय वाटतं ते ऐकायचं असेल, तर दुकानात या आणि कुणाकडून ऐकलं ते चारचौघांत सांगायची तयारी ठेवा. माझी कमेंट अजून तिथेच आहे.