सूतच नरम हाये

आमच्या घरात कमजोरी असायची ती सुताची. सूत कच्चं, सूत नरम, सूत लेचंपेचं, सूत मरतुकडं. शब्दांना तोटा नव्हता. माणसासाठी मात्र एकच होता, आळशी. अंगात त्राण नाही म्हणून कोणी बसलं की तो आळशी. अशक्त, नाजूक वगैरे शिकलेल्यांच्या घरचे शब्द. नागपूरच्या कोष्ट्यांच्या गल्लीत ते परवडणार कोणाला? मला तर आता या सगळ्याच शब्दांचा वीट आलाय.

स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती. त्या उन्हाळ्यात बाबांच्या मागावर धागे तुटायला लागले. एक सांधला की दुसरा. बाबा म्हणायचे, "सूतच नरम हाये." मग आई सुताला लावायची तांदळाची खळ आणखी घट्ट करायची. तांदूळ आम्हालाच पुरत नव्हता, पण सुताला पाजायला हवाच. सूतवाला बदलला, त्याच्या नावानं बोटं मोडली, तरी धागे तुटतच राहिले. सगळं घर थकून गेलं. बाबा वाळत चालले होते, मागाच्या खड्ड्यातून वर यायला त्यांना आईचा हात लागायचा. पण आमचं सगळ्यांचं लक्ष मेलं सुताकडे! आई एकदाच म्हणाली, "अवो, सक्करदऱ्याच्या वैद्याले दाखवा ना." तर बाबा म्हणाले, "सुताले वैद्य काय करन?"

एके सकाळी त्यांना उठवेना. मागावरचं लुगडं तर लग्नघरी द्यायचं होतं. आईनं मला मागावर बसवलं. आमच्यात बायापोरींनी कांड्या भरायच्या, म्हणजे नळ्यांवर सूत गुंडाळून द्यायचं, आणि मागावर पुरुषानं बसायचं. पण बाबा जेवायला उठले की मी चोरून हात चालवून घ्यायची. मी बसले. तोच उभ्या धाग्यांचा ताणा, तीच खळ.

एकही धागा तुटेना.

आधी मला मजा वाटली. मग भान आलं. बाबा बाजूच्याच खोलीत खाटेवर होते आणि माग न थांबता वाजत होता. आडवा धागा नेणारा धोटा जोरानं गेला नाही की मध्येच अडकतो आणि धागे तोडतो, हे त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं. सुताचं काही बिघडलं नव्हतं. बाबांच्या हातातच जोर उरला नव्हता.

आई जवळ येऊन हळूच म्हणाली, "एखादा तोड ना वं. त्याईले वाटन, सूतच..." मी धाग्याला बोट लावलं. पण माझ्यानं तोडवेना.

"काहून थांबली वं?" आतून बाबांनी विचारलं.

"धागा तुटला," मी म्हटलं.



"खोटं नको बोलू, पोरी. सूत चांगलं हाये." मग बाबा म्हणाले, "उद्यापासून कांड्या मी भरतो."