उल्हास आणि आमची माटोळी

दर चतुर्थीला मी माटोळीची यादी वहीत लिहितो. गणपतीच्या डोक्यावर जी लाकडी चौकट टांगतात, तिला कुठली रानफळं, कुठले घड बांधले, कुणी आणले, एवढंच. पण हळूहळू समासात माझा चुलतभाऊ उल्हास शिरला. आता यादीपेक्षा समासच जास्त भरतो!

उल्हास एकेचाळीसचा. डिचोलीत पंपाच्या मोटारी दुरुस्त करतो, बोलतो मात्र पुस्तकातल्यासारखा. मुळगावात आमच्या चार घरांचा गणपती एकच, दत्तारामकाकांकडे. नवे कपडे, पाहुणे उल्हासला नकोसे. त्याची चतुर्थी म्हणजे स्टुलावर चढून माटोळी बांधणं.

*

गेल्या वर्षी माटोळी स्पर्धेचे परीक्षक आले. "सगळं तुमच्याच रानातलं ना?"

"तर! एकूणएक!" काका म्हणाले.

स्टुलावरून उल्हास म्हणाला, "सतरा वस्तू म्हापशाच्या बाजारातल्या आहेत. दाखवू?" आणि एकेक करून दाखवल्या!

नंबर गेला. काका भडकले. "फुडल्या वर्सा ह्येका स्टुलार चडूक दिलास तर बघा!"

उल्हासने मला बाजूला घेऊन विचारलं, "दादा, खोटं काका बोलले. मग खाली मी का उतरायचं?"

वहीत प्रश्न लिहिलाय.

*

त्यानंतर त्याच्या बहिणीने, सुलभाने, त्याला पणजीला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तीन-चार खेपा झाल्या. ऑटिझम, आणि जोडीला एडीएचडी. सुलभा रडली. उल्हासने रिपोर्ट दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

"बरं झालं," तो म्हणाला. "मला वाटायचं, मी बाकीच्यांएवढे कष्ट घेत नाही."

हे वाक्य मी पानभर जागा सोडून एकटंच लिहून ठेवलंय.

*

एकदा त्याला कांगले आणायला पाठवलं. ही बारीक फळांची वेल, डोंगराच्या पायथ्याशीच मिळते. सकाळी गेलेला उल्हास दुपारी उगवला. हात काळे, कांगले नाहीत!

"वाटेत कुणाचा तरी पंप अडखळत होता. आता नीट चालतो."

"कोणाचा रे?"

"ते विचारायचं राहिलं."

तेव्हापासून मी चिठ्ठी देतो. एका चिठ्ठीवर एकच वस्तू. ती चिठ्ठी मुठीत असेपर्यंत रस्त्यात दहा पंप बंद पडले तरी तो थांबत नाही! सुलभाने आता घरीही चिठ्ठ्या सुरू केल्या आहेत. मागच्या महिन्यात मीही स्वतःसाठी दोन लिहिल्या.

*

आरतीला घुमट, म्हणजे मातीच्या मडक्याचं वाद्य, आणि झांजा सुरू झाल्या की उल्हास तुळशीपाशी जाऊन उभा राहतो.

काकांनी टोमणा मारला, "देवाक पाठ दाखवतंस?"

"देव तिथूनही दिसतो काका. झांजा तेवढ्या कमी ऐकू येतात."

पुढच्या आरतीला पुरोहितच हळूच त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले!

*

यंदा काकांनी शब्द पाळला. उल्हासला बोलावलं नाही. तो आपणहून दहा वाजता आला, हातात माटोळी बांधायचे केवणीच्या सालीचे दोर. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आम्ही बांधत होतो, तो बघत होता. तीन वाजले.

काकांना राहवलं नाही. "काय बघतंस रे?"

"तुमची चूक."

"खंयची?"

"सांगायला मला बोलावलेलं नाही."

आम्ही सगळे काकांकडे बघत राहिलो. काकांनी घाम पुसला. "बोलावलंय. सांग."

"सांगून कळणार नाही. चढावं लागेल."

काका स्टुलापासून बाजूला झाले.

उल्हास चढला आणि त्याने सोडायलाच सुरुवात केली! आतल्या खोलीच्या दाराकडच्या कडेला आम्ही नारळांचे घोस, केळीचे घड असा जड माल ओळीने बांधला होता. तो सगळा खाली आला. पाच तासांची मेहनत! मग त्याने मधली रानफळं, लालबुंद कवंडळं, त्या कडेला आणून, एकेक वर-खाली करून बांधली. आम्ही समोरून पाहिलं, तर माटोळी चक्क एका अंगाला झुकल्यासारखी दिसत होती.

"हिका सुधारली म्हणतत?" काका म्हणाले. "औंदाही नंबर गेलो!"

"हो, जाईल," उल्हास म्हणाला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून काकींचा आवाज आला. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या महिनाभर तिथेच खाटेवर पडून, दारातून दिसेल तेवढंच बघत होत्या.

"अगो बाय, औंदा कवंडळां कितकी तांबडी!"

काका पुढे झाले आणि उल्हासच्या पायाखालचं स्टूल त्यांनी दोन्ही हातांनी धरलं.