सर्वश्रेष्ठ चढाईपटू
कणसे भाजल्याचा वास आला की जर्मनीतल्या डार्मश्टाटमधील ती दुपार आठवते आणि अजूनही संताप होतो. जावयाच्या अंगणात कणसे भाजता भाजता आमच्या महाविद्यालयाचे तरुण माजी विद्यार्थी, कबड्डी संघाचा आजवरचा सर्वश्रेष्ठ चढाईपटू कोण, यावर तावातावाने भांडत होते. माझ्या दिवंगत मित्राचे नाव कुणालाच ठाऊक नव्हते. "अंतिम सामन्यात त्याने एका चढाईत पाच गडी बाद केले, मी त्याच संघात होतो," मी उठून सांगितले. "काका, फोटो, कात्रण, काही आहे?" एकाने विचारले. काहीच नव्हते. "मग मित्राची साक्ष तुमच्या कोर्टात चालायची का हो?" त्यानेच पुढे विचारले. "गेनाऊ!" असे, म्हणजे जर्मनमध्ये 'अगदी बरोबर', म्हणत सगळे हसले. वकील म्हणून अशीच साक्ष मी आयुष्यभर मोडून काढली होती. मी खाली बसलो. आज त्या संघातला मी एकटाच उरलो आहे, आणि महाविद्यालयाने त्या सामन्याची नोंद मागणाऱ्या माझ्या सातव्या पत्रालाही उत्तर दिलेले नाही.