उसनं पोट

कपडे उसवून सैल किंवा घट्ट करून देणाऱ्या त्या दुकानात दोघी बहिणी बसत. थोरली गल्ल्यावर, धाकटी मशीनवर. गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं काम थोरलीचं आणि त्यांच्या वाढलेल्या कमरा झाकायचं धाकटीचं. धाकटीची तिशी जवळ आली तरी रस्त्याला ती धाकटीच. आईवडील गेल्यावर थोरलीने तिला आपल्या संसारात ठेवून घेतलं होतं, आणि ही गोष्ट तिने धाकटीला कधी विसरू दिली नव्हती.

धाकटीचं मन जडलं ते बटणं आणि चेन विकायला येणाऱ्या एका फिरत्या विक्रेत्यावर. माणूस लाघवी. दिवस गेल्याचं तिने त्याला सांगितलं तेव्हा "बघू काहीतरी" म्हणाला, आणि त्यानंतर त्या रस्त्याकडे फिरकला नाही. बटणं मात्र दुसऱ्या माणसाबरोबर वेळेवर पाठवली.

रडून रडून डोळे सुजल्यावर तिने बहिणीला सांगितलं. घराबाहेर काढेल, निदान दोन थोबाडीत देईल, अशी मनाची तयारी होती. थोरलीने तिला कुशीत घेतलं आणि "मी आहे ना" म्हणाली. धाकटीचा जीव भांड्यात पडला. त्या दिवसापासून तिच्यापुढे आयतं ताट येऊ लागलं. एरवी तिच्याशी दोन शब्द बोलायचे नाहीत ते भावजी, तेही "जेवलीस का" विचारू लागले. फक्त डॉक्टरकडे कधी जायचं म्हटलं की थोरली म्हणे, घाई कशाला. थोरलीला मूल नव्हतं. औषधं झाली, नवस झाले, आता तर कुणी विचारायचंही थांबलं होतं.

एका दुपारी थोरलीने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि कापूस, अस्तराचं मऊ कापड आणि रुंद इलॅस्टिक तिच्यापुढे ठेवलं. थोरलीला पोट शिवून हवं होतं. लहान, मध्यम आणि भरलेलं, कमरेला बांधता येतील अशी तीन. बेत पक्का होता. पोट दिसायला लागलं की धाकटीने लांबच्या आत्याकडे जाऊन राहायचं, इकडे थोरलीने ही पोटं बांधून हिंडायचं, आणि शेवटी मूल थोरलीचं. धाकटीची अब्रू राहील, वर मावशी म्हणून ते डोळ्यांसमोर वाढेल. थोरलीचा हात शिवणात कच्चा, म्हणून शिवायचं धाकटीने.

आणि तिने पहिलं शिवलंही. चीड येण्यासारखीच गोष्ट आहे, पण ज्याच्या घरात आपण राहतो त्याला नाही म्हणायला एक वेगळीच छाती लागते. थोरलीने ते लगेच बांधलं, आरशासमोर वळून वळून पाहिलं, त्यावरून हात फिरवला. तिचे डोळे भरून आले. धाकटीच्या पोटावरून तिने एकदाही हात फिरवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी चेन आणायला जाते असं सांगून धाकटी सरकारी दवाखान्यात गेली. एकटीच. तिथली नर्स दिसायला खाष्ट, पण तिने आधी पाणी दिलं, आणि बाप कोण हे विचारलंच नाही. तपासणी झाली, रक्त घेतलं, गोळ्या दिल्या. मग दार लोटून ती समोर बसली.

"मूल ठेवायचं, नाही ठेवायचं, की जन्म देऊन रीतसर दत्तक द्यायचं, हे तू ठरवायचंस. वेळ आहे, पण उगाच घालवू नकोस. काहीही ठरवलंस तरी आम्ही मदत करू. तुला काय हवंय?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

"मला आई व्हायचंय," धाकटी म्हणाली. "मावशी नाही."

एकट्या आयांना आसरा देणाऱ्या एका संस्थेचा पत्ता नर्सने दिला. पुढच्या वेळी कुणाला तरी सोबत आण, असंही सांगितलं. कुणाला, ते धाकटीला सुचलं नाही.

घरी येऊन तिने सांगितलं तेव्हा थोरली ओरडली नाही. ती पोट बांधूनच बसली होती. सकाळपासून चार दुकानांत मिरवून आली होती, पेढेही वाटून झाले होते. "मी आता लोकांना काय सांगू?" एवढंच ती म्हणाली. भावजींनी धाकटीची बॅग दाराबाहेर नेऊन ठेवली.

लोकांना काय सांगायचं ते थोरलीला लवकरच सुचलं. पोटातलं पडलं म्हणाली. सगळा रस्ता हळहळला. बायका डबे घेऊन समाचाराला आल्या. थोरली धाय मोकलून रडली, आणि ते रडणं खोटं नव्हतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

धाकटी संस्थेच्या खोलीत राहून शिवणाचं काम करू लागली. पोट चांगलं दिसायला लागल्यावर एकदा दोरे आणायला बाजारात गेली, तर जुन्या रस्त्यावरची बेकरीवाली समोर आली. तिने धाकटीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिकडे बहिणीची कूस रिकामी झाली आणि ही लग्नाशिवाय पोट मिरवत हिंडते, भेटायला तरी गेली का, असं भर बाजारात सुनावलं.

धाकटीच्या जिभेवर सगळं आलं होतं. पण त्या पहिल्या दिवशी ताईनेच कुशीत घेतलं होतं, तेही खरंच होतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

बेकरीवालीचा राग निवळला. जाता जाता मायेने तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बाळ झालं की आधी ताईच्या ओटीत घाल. तेवढाच तिच्या जिवाला आधार."