पोत्यामागे एक पान

कमी बोलणाऱ्या माणसाजवळ किस्से फार साठतात. बोलकी माणसं सांगून मोकळी होतात. आमच्यासारख्यांकडे ते पडून राहतात. मग कुणी नुसतं "काय गं, सासरी कसं चाललंय?" म्हटलं तरी सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. म्हणून मी "बरं चाललंय" म्हणते. आज जरा नीट सांगते.

आमच्या ह्यांनी लग्नाच्या आधी आकुर्डीच्या कंपनीतली पक्की नोकरी सोडली आणि लग्नानंतर ते मला सांगितलं! तेव्हा कागदाची भयंकर टंचाई होती. ह्यांनी ठरवलं, जुन्या पुस्तकांचा लगदा करून हातकागद बनवायचा. "एक झाड तोडायचं नाही, एक बांबू तोडायचा नाही. पुस्तकातून पुस्तक!" कुरुळीत भाड्याची पत्र्याची शेड, एक सिमेंटचा हौद आणि पुण्याच्या एका प्रकाशकांनी देऊ केलेली ऑर्डर, एका लहानशा पुस्तकाच्या आवृत्तीला पुरेल एवढ्या कागदाची. एवढ्यावर संसार! मामंजींनी अट घातली होती. दिवाळीच्या आत ऑर्डर पुरी झाली तर ठीक. नाहीतर शेडला कुलूप आणि पुन्हा कंपनीचं गेट. फोरमनशी ते बोलूनच आले होते.

हे सगळं ऐकून मी "बरं" म्हटलं.

*

लगदा करायचं मशीन परवडत नव्हतं. म्हणून रद्दी भिजवून पायांनी तुडवायची, जुनी पद्धत. गावातल्या चार बायका ठरवल्या. पहिल्या दिवशी त्या आल्या, हौदात डोकावल्या आणि काठावर बसून राहिल्या.

"ही तर पुस्तकं हायती," त्यांच्यातली थोरली सोनाबाई म्हणाली.

"हो, मग?" हे म्हणाले.

"पुस्तकाला चुकून पाय लागला तर आमी पाया पडतो. आन् तुमी त्याच्यावर नाचाया सांगताय व्हय?"

ह्यांनी समजावलं, की भिजल्यावर ते पुस्तक राहत नाही, नुसता लगदा होतो.

"माणूस मेल्यावर बी नुसतं मढंच ऱ्हातं. त्याच्यावर पाय देता का तुमी?"

ह्यांचा डिप्लोमा इथे काही कामाला आला नाही!

शेवटी तोडगाही सोनाबाईनेच काढला. मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालतात ना, तसं दर पोत्यामागे एका पुस्तकाचं एक पान मोठ्यानं वाचायचं. "कुनीतरी शेवटचं ऐकलं, म्हंजी झालं. मग आमी पाय घालतो." ह्यांनी घड्याळाकडे बघत चार ओळी उरकल्या. बायका जागच्या हलल्या नाहीत. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

लग्न ठरताना माझ्या सासूबाईंनी आमच्या शेजारी चौकशी केली होती, मुलगी मुकी तर नाही ना? त्या मुलीला रोज मोठ्यानं वाचायचं काम!

*

रद्दी आणायचे चाकणचे युसूफभाई, स्वतःच्या टेम्पोतून. एकदा त्यांच्या पोत्यात वरच गुरांच्या आजारांवरचं पुस्तक निघालं. मी उघडलं ते पान जनावराचं पोट फुगण्याचं होतं. वाचलं, बायका हौदात उतरल्या, काम झालं. संध्याकाळी सोनाबाईची गाय फुगली! पानात सांगितलेलं तेल तिनं पाजलं आणि गाय वाचली.

पुढच्या पोत्यात मी न बघता हात घातला, तर विहिरीच्या बांधकामावरचं पुस्तक. त्याच दुपारी गावातल्या एका विहिरीची कड आत गेली. नशीब, कुणी पाण्यावर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बायका माझ्याआधी येऊन पोत्याभोवती बसल्या होत्या. एकजण हळूच म्हणाली, "वैनी, आज जरा बघून उघडा."

दुसरी म्हणाली, "आन् माझ्या पोरीच्या लग्नाचं काय घावतंय का बघा की!"

घावलं नाही. व्याकरण घावलं. त्या दिवशी गावात काहीही झालं नाही.

*

मी सासूबाईंबरोबर आळंदीला गेले होते, तेव्हाची गोष्ट. बायकांनाही सुट्टी होती. ह्यांनी वेळ वाचवायला एक पोतं तसंच हौदात ओतलं. कुणी ऐकायला नाही, तर वाचायचं कशाला?

ते पोतं विरघळेना. बाकी रद्दी रात्रभरात मऊ पडायची, ही पुस्तकं पाण्याखाली दगडासारखी पडून. ह्यांनी पाण्यातला सोडा वाढवला, गरम पाणी ओतलं. पानं ओली व्हायची, पण सुटायची नाहीत. बोटानं उचकटायला गेलं की पुन्हा मिटायची.

युसूफभाई म्हणाले, "साहेब, काही कागदाला लई चिकणमाती लावतात. येळ लागतो." हे ऐकून ह्यांना बरं वाटलं. तेवढ्यात युसूफभाईंनी हौदातल्या पुस्तकाला हात लावला, झटकन मागे घेतला आणि धोतराला... नाही, ते लेंगा घालायचे, लेंग्याला पुसला. "भाभी, तुम्ही एकदा वाचूनच टाका," म्हणाले.

मी पाण्यात वाकून, दिसत होतं तेवढं वाचलं. सकाळी हौदात लापशी!

"योगायोग," हे म्हणाले. पण त्यानंतर पोत्याची सुतळी सोडण्याआधी मला हाक मारायला लागले.

*

तयार कागद जुन्या घोंगड्यांवर पसरून ठेवायचो. एका सकाळी शेड उघडली, तर मधल्याच एका ओल्या कागदावर पाऊल उमटलेलं. एवढंसं. चालायला नुकतं शिकलेल्या पोराचं असतं तेवढं. पाच बोटं स्पष्ट.

शेडमध्ये लहान मूल नव्हतं. दाराला कुलूप होतं. आणि पाऊल एकच! अलीकडच्या कागदावर काही नाही, पलीकडच्यावर काही नाही, जमिनीवरच्या ओलीत तर आमच्या चपलांशिवाय काहीच नाही.

हे वैतागले. "एक शीट रिजेक्ट!"

सोनाबाई त्या कागदाजवळ उकिडवी बसली. पावलाला हात लावला नाही, नुसती वरून तळहात धरून राहिली, दिव्याची ऊब घेतात तशी.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "शिकाया आलं आसंल."

तो कागद तिनं मागून घेतला. आम्ही का, ते विचारलं नाही.

*

एकदा खुद्द प्रकाशक आले. बरोबर गाडीभर पोती, त्यांच्याच न खपलेल्या पुस्तकांची. "गोदामात वाळवी खातेय, त्यापेक्षा ह्यांचाच कागद करा," म्हणाले. हातकागद त्यांनी उन्हात धरून पाहिला, बोटांत चोळून पाहिला. "उत्तम. पण नवरात्र संपायच्या आत सगळा माल हवा. नाहीतर मला मिलचा कागद घ्यावा लागेल."

हे "नक्की, नक्की" म्हणेपर्यंत सोनाबाई पुढे आली. "ही तुमचीच ना? मग ह्या पोत्याचं तुमी वाचा."

प्रकाशक हसले. वरचं पुस्तक उचलून मधलं पान उघडलं, खणखणीत आवाजात वाचायला लागले आणि एका ओळीवर थांबले.

"ही ओळ इथे कशी?"

त्यांनीच सांगितलं, की छपाईच्या वेळी ती ओळ त्यांनी काढायला लावली होती. लेखक हातापाया पडला, "एवढी ठेवा," म्हणाला. प्रकाशकांनी ठेवली नाही. लेखक आता हयात नव्हता.

त्यांनी पोत्यातली दुसरी प्रत काढली. ओळ नव्हती. तिसरी काढली. नव्हती. घाम पुसत ते पहिली प्रत शोधायला लागले, तर बायकांनी ती हौदात घेतलेली! सोनाबाई सावकाश पाय चालवत होती.

"चांगली व्हती की ओळ," ती म्हणाली. "का काढली व्हती?"

*

आता शेवटचा किस्सा.

नवरात्र संपत आलं होतं. प्रकाशकांची शेवटची चार पोती राहिली होती. ती त्या दिवशी हौदात गेली तरच कागद वाळून वेळेवर पुण्याला पोचणार. आणि त्याच सकाळी माझा आवाज गेला. बसला नव्हे, गेला. कुजबुजसुद्धा निघेना.

हे भोसरीला सोडा आणायला निघाले होते, पुण्याला निरोपही द्यायचा होता. मी गळ्यावर हात ठेवून खुणेनं सांगितलं. ह्यांचा चेहराच उतरला. मग म्हणाले, "अगं, हौदाचा पंप सुरू ठेव. पाण्याच्या आवाजात कुणाला काय कळतंय! नुसते ओठ हलव."

शेडवर गेले. वाचण्यापलीकडे मी एरवीही बोलत नसल्यामुळे माझा आवाज गेलाय हे कुणाच्या लक्षात आलं नाही! पंप सुरू केला. पोत्यात वरचंच पुस्तक घेतलं, सहकारी संस्थांच्या नियमांचं. बायका काठावर बसल्या, पदर सारखे केले. मी ओठ हलवायला लागले.

दोन-तीन ओळी झाल्या असतील आणि लाइट गेले. पंप बंद पडला.

शेडमध्ये एकदम शांतता. पन्हाळीवरची चिमणी पाय हलवत होती तेही ऐकू येत होतं. आता सोनाबाई म्हणणार, "वैनी, वाचा की." मग सगळं उघड होणार. मग पोती तशीच राहणार, मग शेडला कुलूप. थांबायचा धीर होईना, म्हणून मी ओठ हलवत राहिले. सभासदाची पात्रता, भागांची विक्री, सर्वसाधारण सभेची नोटीस.

कुणी काही म्हटलं नाही.

मी हळूच वर पाहिलं. चौघी माझ्याकडे बघत होत्या, रोज बघतात तशा. मध्येच एकजण हसली. दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं आणि तीही हसली. मग दोघींचे चेहरे उतरले आणि सोनाबाईनं पदरानं डोळे पुसले.

मी ओठ हलवायचे थांबले.

त्या ऐकतच होत्या.

मी पुस्तक मिटलं. छातीशी धरलं. चौघींच्या माना तशाच तिरप्या, नजर माझ्या तोंडावर. एकीनं "आगं बया!" म्हणून हात हनुवटीला लावला. मी मागे पाहिलं. मागे पत्रा होता.

असं किती वेळ चाललं कोण जाणे. मग सोनाबाईनं एक लांब श्वास सोडला, पुस्तकांना हात जोडले आणि लुगडं वर खोचून हौदात पाय घातला. पाठोपाठ बाकीच्या उतरल्या. लाइट आले, पंप सुरू झाला.

पाय चालवता चालवता सोनाबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "आज लई बेस वाचलंत, वैनी. रोज आसंच वाचत जावा."